हे सिनेगॉग ‘पोर्तुगीज’ कसं?

मागच्या महिन्यात आपल्या मंडळाच्या ‘वारसा वास्तू’ भित्तिपत्रकासाठी बैठक झाली. प्रत्येकाने एकेक वास्तू सुचवायची होती. कुणी बॉम जेझू सांगितलं, कुणी मंगेशीची दीपमाळ, कुणी ताजमहाल (ताजमहाल दरवर्षी असतोच). मी ॲमस्टरडॅमचं पोर्तुगीज सिनेगॉग सांगितलं. पहिला प्रश्न आला, “पोर्तुगालने बांधून दिलं का गं ते?” मी म्हटलं, उलट, पोर्तुगालमधून जीव घेऊन पळालेल्या ज्यू लोकांनी बांधलं. मग क्षणभर कुणी काही बोललं नाही आणि दुसरा प्रश्न आला, “मग आपल्या कॉलेजात हा विषय कशाला? लिहायचंच तर बांधकामापुरतं लिही.”

सांगणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता, हे मला माहीत आहे. आपलं कॉलेज मिशनचं. सकाळची प्रार्थना आपण सगळेच म्हणतो, हिंदू मुलंसुद्धा. कुणाचं मन दुखवू नये, एवढंच त्याला म्हणायचं होतं. म्हणून मी खरोखरच बांधकामापुरतं लिहायला बसले. एक पान झालं आणि अडले. त्या इमारतीची एकेक गोष्ट, म्हणजे जमिनीवरची वाळू, मोठाल्या खिडक्या, मेणबत्त्या, कपाटाचं लाकूड, अगदी नावसुद्धा, मागचा इतिहास गाळून सांगताच येत नाही. सांगायला गेलं तर ते पर्यटन कंपनीचं माहितीपत्रक होतं. तेव्हा हा लेख त्या बैठकीतल्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे असं समजा.

आधी शब्दाबद्दल. सिनेगॉग म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ. पुण्यातलं लाल देऊळ अनेकांनी पाहिलं असेल, ते सिनेगॉगच. आपले कोकणातले बेने इस्रायल लोक मराठी बोलताना त्याला ‘मशीद’ म्हणत. एकाच जागेला देऊळ, मशीद असे दोन्ही शब्द मराठीने लावले, हे मला फार आवडतं. ॲमस्टरडॅमचे लोक त्यांच्या इमारतीला ‘एस्नोगा’ म्हणतात.

आता ‘पोर्तुगीज’. १४९२ मध्ये स्पेनच्या राजाराणीने ज्यूंना देश सोडायला लावला. त्यातले बरेच जण शेजारच्या पोर्तुगालमध्ये आले. पाच वर्षांत तिथल्या राजाने, दों मानुएलने, त्यांना सक्तीने बाप्तिस्मा द्यायला लावला. जायचं म्हटलं तर बंदरं बंद. अशा लोकांना ‘नव-ख्रिस्ती’ म्हणू लागले. नाव बदललं, पण ओळख पुसली जाऊ दिली नाही. दोन-तीन पिढ्या गेल्या तरी कागदोपत्री ‘नव’च. १५३६ मध्ये पोर्तुगालमध्ये इन्क्विझिशन आलं, आणि हे लोक गुपचूप जुना धर्म पाळतात का, याचा तपास सुरू झाला. तपास कशाचा? शुक्रवारी संध्याकाळी घरात दिवा लावला का. शनिवारी धुतलेला सदरा घातला का. डुकराचं मांस टाळलं का. शेजारी, मोलकरीण, कधी नातेवाईकसुद्धा जाऊन सांगत.

हे वाचताना गोव्याच्या माणसाला काही आठवलं नाही तरच नवल. इथे इन्क्विझिशन १५६० मध्ये आलं. मध्ये चार वर्षांचा खंड सोडला तर ते १८१२ पर्यंत टिकलं. १७३६ च्या त्याच्या एका हुकूमनाम्यात बाटलेल्या लोकांनी अंगणात तुळस ठेवू नये, मीठ न घालता भात शिजवू नये, अशा बारीकसारीक गोष्टी आहेत. हे सगळं बाहेरच्या कुणी शोधून काढलेलं नाही. आपल्या मराठीचे संशोधक अ. का. प्रियोळकर यांनी १९६१ साली या विषयावर इंग्रजीत अख्खं पुस्तक लिहिलं. आपल्या वाचनालयात नसेल तर मागवायला हवं.

पण गोव्यातलं इन्क्विझिशन सुरुवातीला मुख्यतः याच नव-ख्रिस्ती लोकांच्या मागे होतं, ही गोष्ट आपण विसरतो. पणजीत चर्चपासून चार पावलांवर गार्सिया द ओर्ता उद्यान आहे. आपण तिथे बसून भेळ खातो. हा ओर्ता वैद्य. स्पेनमधून हाकललेल्या ज्यू आईबापांच्या पोटी पोर्तुगालमधल्या कास्तेलो द व्हिदे गावी जन्मला, गोव्यात आला, आणि इथल्या औषधी वनस्पतींवर त्याने लिहिलेलं पुस्तक १५६३ मध्ये गोव्यातच छापलं गेलं. साहित्य मंडळाच्या माहितीसाठी, कामोंइश या पोर्तुगीज महाकवीची पहिली छापील कविता याच पुस्तकात आहे. ओर्ता १५६८ मध्ये वारला. पुढच्याच वर्षी त्याच्या बहिणीला, कातारिनाला, गुपचूप ज्यू धर्म पाळल्याबद्दल गोव्यात जिवंत जाळलं. १५८० मध्ये ओर्ताची हाडं कबरीतून उकरून जाळली. म्हणजे मेलेल्या माणसालाही शिक्षा चुकली नाही.

ज्यांना शक्य झालं ते पळाले. सोळाव्या शतकाच्या शेवटी शेवटी काही कुटुंबं ॲमस्टरडॅमला पोहोचली. हॉलंड तेव्हा स्पेनच्या राजाशी लढत होतं. त्यामुळे स्पेन-पोर्तुगालच्या धर्मसत्तेला भ्यायलेला माणूस तिथे आपोआप मित्र ठरे. शिवाय यांच्याकडे व्यापाराच्या ओळखी होत्या, साखर, मसाले, हिरे. डच लोकांना ते कळत होतं. सुरुवातीला घराघरात प्रार्थना होत. मग तीन वेगवेगळ्या मंडळ्या झाल्या (माणसं पळून आली तरी भांडायची सवय सोडून येत नाहीत), आणि १६३९ मध्ये त्या एकत्र आल्या. गंमत म्हणजे यातल्या अनेकांना ज्यू धर्म नीट येतच नव्हता. तीन-चार पिढ्या मनात जपलेलं जेवढं होतं तेवढंच. हिब्रू प्रौढ वयात शिकावं लागलं. त्यासाठी त्यांनी १६१६ मध्ये शाळा काढली आणि तिच्याबरोबर ‘एत्स हायीम’ हे ग्रंथालय उभं राहिलं. ते आजही सिनेगॉगच्या आवारात चालू आहे, जगातलं सगळ्यात जुनं चालतं ज्यू ग्रंथालय म्हणून. १६१६ हे साल आपल्याला वेगळ्या कारणाने पाठ असतं. त्याच वर्षी फादर स्टीफन्सचं ‘ख्रिस्तपुराण’ राशोलला छापून निघालं. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही, पण तारीख लक्षात राहायला सोपी.

एस्नोगा बांधण्यामागे होता इसाक आबोआब दा फोन्सेका हा रब्बी. पोर्तुगालमध्ये नव-ख्रिस्ती कुटुंबात जन्मलेला, लहानपणी हॉलंडला आणलेला. डचांनी ब्राझीलचा तुकडा जिंकला तेव्हा तो तिथे रेसीफेला धर्मगुरू म्हणून गेला. १६५४ मध्ये पोर्तुगीजांनी रेसीफे परत घेतलं आणि त्याला पुन्हा पळावं लागलं. एका आयुष्यात दोनदा त्याच राजवटीपासून पळालेला माणूस. १६७० मध्ये, पासष्टीला आलेला असताना, त्याने प्रवचनातून लोकांना आवाहन केलं की आता आपल्याला शोभेलसं मोठं सिनेगॉग हवं. महिन्याच्या आत जागा घेतली गेली. १६७१ च्या एप्रिलमध्ये काम सुरू झालं. १६७२ मध्ये फ्रान्स, इंग्लंड आणि दोन जर्मन बिशप असे सगळे एकदम हॉलंडवर चालून आले आणि काम थांबलं. शेवटी २ ऑगस्ट १६७५ रोजी उद्घाटन झालं. ज्यू पंचांगाप्रमाणे तो आव महिन्याचा दहावा दिवस. नववा दिवस जेरुसलेमचं प्राचीन मंदिर उद्ध्वस्त झाल्याच्या शोकाचा, उपवासाचा. म्हणजे शोक संपला त्याच्या दुसऱ्या दिवशी दार उघडलं. सोहळा आठ दिवस चालला.

दारावरच्या हिब्रू ओळीत मात्र साल निघतं ते १६७२! हिब्रूत अक्षरांना आकड्यांची किंमत असते, त्यामुळे वचनात साल लपवता येतं. इमारत १६७२ ला पुरी होईल असा अंदाज होता. त्याच ओळीत आबोआबचं नावही गुंफलं आहे. काम तीन वर्षं लांबलं, ओळ तशीच राहिली. आपल्याकडच्या कोनशिला आठवून मला बरं वाटलं.

आता इमारत. मी ती प्रत्यक्ष पाहिलेली नाही. माझा मामेभाऊ पोर्तुगीज पासपोर्टवर हॉलंडमध्ये नोकरीला आहे, त्याने सुटीच्या दिवशी जाऊन मला ढीगभर फोटो पाठवले. बाकी वाचून आणि चित्रं पाहून. एमानुएल द व्हिटं या चित्रकाराने १६८० मध्ये, म्हणजे इमारत पाच वर्षांची असताना, आतलं चित्र काढलं. त्यात प्रार्थना चालली आहे, बघे उभे आहेत, आणि पुढे चक्क कुत्रीही आहेत.

ॲमस्टरडॅम दलदलीवर वसलेलं शहर. तिथे नुसता पाया घालून चालत नाही. सुमारे ३,००० लाकडी खांब खोल ठोकले आणि त्यावर विटांच्या कमानी रचून वर ही भली मोठी चौकोनी इमारत उभी केली. आजही पायाखालच्या कमानींमध्ये पाणी असतं आणि तपासणीसाठी माणसं तिथे होडीने जातात. लाकूड पाण्यात बुडालेलं राहिलं तर कुजत नाही, उघडं पडलं की कुजतं, म्हणून पाण्याची पातळी सांभाळावी लागते. आत लांबी सुमारे ३८ मीटर, रुंदी २६. बाहेरून साध्या विटा, कोरीव काम जवळजवळ नाही. भिंतींना बाहेरून जे टेकू दिलेत ते जेरुसलेमच्या मंदिराची आठवण म्हणून. त्या काळी याकोब यहूदा लेओन नावाच्या एका रब्बीने सॉलोमनच्या मंदिराची प्रतिकृती बनवली होती आणि ती इतकी गाजली की लोक त्याला ‘टेंप्लो’ म्हणू लागले. तिच्यात असेच टेकू होते.

आत गेल्यावर चार प्रचंड दगडी खांब, आयोनिक पद्धतीचे. त्यावर लाकडी छत, तीन लांबलचक अर्धगोल कमानींचं. दोन्ही बाजूंच्या सज्जांना बारा लहान खांब, इस्रायलच्या बारा वंशांचे. सज्जे स्त्रियांसाठी. खाली बाराशेवर पुरुष बसतील अशी सोय, वर चारशेवर बायका. या हिशेबावर मी काही बोलत नाही, आकडेच बोलतात. जेरुसलेमच्या दिशेच्या कोपऱ्यात तोराच्या गुंडाळ्या ठेवायचं कपाट. कपाट म्हणते, पण ते घराएवढं आहे. समोर दुसऱ्या टोकाला उभं राहून वाचायचा चौथरा. मूर्ती नाही, चित्र नाही. लक्ष जातं ते उजेडाकडे. ७२ खिडक्या आहेत, उंचच उंच, साध्या काचेच्या.

या खिडक्यांपाशी मी थांबले. शुक्रवारचा दिवा कुणाला दिसू नये म्हणून धडपडणाऱ्या लोकांच्या नातवंडांनी, आणि काहींनी तर स्वतःच, ७२ खिडक्यांची इमारत बांधली. वर चार मोठी पितळी झुंबरं, आणि सगळी मिळून हजार मेणबत्त्या. मुख्य दालनात आजही वीज घेतलेली नाही. तापवायची सोय नाही, म्हणून थंडीत बाजूच्या छोट्या इमारतीत प्रार्थना होते. संध्याकाळी काही असलं की हजार मेणबत्त्या हाताने पेटवतात. बांधकामापुरतं लिहायचं तर मी लिहिलं असतं, ‘प्रकाशयोजना नैसर्गिक व मेणबत्त्यांची’. खरं आहे, पण त्यात काय कळलं?

जमिनीवर लाकडी फळ्या आणि त्यावर बारीक वाळू. मामेभावाने बुटांचा फोटो पाठवून विचारलं, “समुद्र कुठेय?” वाळू धूळ-ओल शोषते, बुटांचा आवाज दाबते. डच घरांत तशी पद्धतच होती. काही जण सांगतात की पोर्तुगालमध्ये लपून प्रार्थना करताना पावलं वाजू नयेत म्हणून वाळू टाकत, तिची ही आठवण. ऐकायला छान आहे, पण मला डच पद्धतीचं कारणच जास्त पटतं. कॅरिबियन समुद्रात कुरासाओ बेटावर याच लोकांच्या नातलगांनी सिनेगॉग बांधलं, तिथेही वाळू आहे. माणसं गेली तशी सवयही गेली.

वास्तुशिल्पी होता एलियास बाऊमन. तो ज्यू नव्हता. गवंडी, सुतार यांच्या संघांमध्ये ज्यूंना प्रवेशच नव्हता. त्यामुळे हात ख्रिस्ती, पैसा आणि देव ज्यू. इमारतीचा आतला घाट पाहिला तर त्या काळच्या डच प्रोटेस्टंट चर्चशी सरळ साम्य दिसतं. मला ते कमीपणाचं वाटत नाही. फोंडा तालुक्यातल्या आपल्या देवळांच्या खिडक्या आणि घुमट बघा, चर्च बांधणाऱ्या हातांची ओळख पटते.

पर्यटनाच्या पानांवर हमखास येणारं वाक्य असं की एस्नोगा हे ॲमस्टरडॅमच्या सहिष्णुतेचं प्रतीक आहे. थोडं थांबून बघू. ज्यूंना तिथे राहता येत होतं, प्रार्थना करता येत होती. पण बहुतेक धंदे बंद, ख्रिस्ती माणसाशी लग्न बंद, ख्रिस्ती धर्मावर टीका बंद. बरोबरीचे नागरिक व्हायला त्यांना १७९६ उजाडावं लागलं. आणि आपल्या कॉलेजसाठी जास्त महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. त्याच शहरात, त्याच काळात, कॅथलिकांना उघडपणे मिस्सा करायला बंदी होती! एस्नोगापासून चालत पंधरा मिनिटांवर एका व्यापाऱ्याचं घर आहे. १६६३ च्या सुमारास त्याने तीन घरांचे माळे आतून जोडून वर अख्खं चर्च केलं. बाहेरून नुसतं घर. आत वेदी, ऑर्गन, सज्जे. आज ते वस्तुसंग्रहालय आहे. अधिकाऱ्यांना सगळं माहीत होतं. रस्त्यावरून दिसलं नाही म्हणजे झालं. तर ज्यूंना डोळे दिपवील असं सिनेगॉग आणि कॅथलिकांना माळा. लिस्बनमध्ये याच्या बरोबर उलट. तिथे १९०४ मध्ये सिनेगॉग झालं तेही भिंतीआड, अंगणात, कारण कॅथलिक नसलेल्या प्रार्थनास्थळाचं तोंड रस्त्याकडे असायला मनाई होती. दर ठिकाणी कुणीतरी माळ्यावर. कोण माळ्यावर जाणार ते ठरवणारे बदलतात. हे कळलं की ‘तुमच्या लोकांनी आमच्या लोकांवर’ ही भाषा जरा अडखळते.

एस्नोगाचे लोकही धुतल्या तांदळासारखे नव्हते. ते मोठं कपाट ब्राझीलच्या जॅकरांडा लाकडाचं आहे. ते लाकूड दिलं मोझेस कुरिएलने. हा गृहस्थ ॲमस्टरडॅममध्ये पोर्तुगालच्या राजाचा प्रतिनिधी होता. घरी ज्यू, कचेरीत त्याच राजाचा वकील ज्याच्या राज्यात ज्यू जाळले जात होते. मी त्याला दोष देत नाही. तो काळ मी जगलेली नाही. पण त्या लाकडाकडे नुसतं ‘सुंदर कोरीव काम’ म्हणून बघवत नाही. या समाजातल्या काही कुटुंबांचे सुरिनाममध्ये उसाचे मळे होते आणि त्यावर आफ्रिकेतून आणलेले गुलाम राबत होते.

आणि स्पिनोझा. तत्त्वज्ञानाच्या तासाला आपण ज्याचं नाव पाठ करतो तो बारुख स्पिनोझा याच समाजातला. १६५६ मध्ये, तेविसाव्या वर्षी, त्याच्या विचारांपायी त्याला कायमचं वाळीत टाकलं. त्याच्याशी बोलायचं नाही, त्याच्या चार हातांच्या आत जायचं नाही, त्याने लिहिलेलं वाचायचं नाही. एस्नोगा तेव्हा व्हायची होती, हे जुन्या सिनेगॉगमध्ये झालं. त्या वेळच्या प्रमुख रब्बींमध्ये आबोआबही होता. त्याआधी उरिएल दा कोस्ता नावाच्या माणसाला सर्वांसमोर फटके मारून उंबऱ्यावर आडवं पाडलं, आणि लोक त्याला ओलांडून बाहेर गेले. असं त्याने स्वतःच लिहून ठेवलं आणि मग स्वतःला गोळी घातली. चौकशीच्या भीतीने पळालेल्या लोकांनी स्वतः चौकश्या मांडल्या. स्पिनोझावरची बंदी उठवावी का, यावर २०१५ मध्ये ॲमस्टरडॅमला चर्चासत्र झालं. बंदी उठली नाही.

एक गोष्ट मात्र मला मनापासून भावली, आणि मराठी मंडळात ती सांगायलाच हवी. या लोकांनी पोर्तुगीज भाषा सोडली नाही. प्रार्थना हिब्रूत, पण हिशेब, मृत्युपत्रं, प्रवचनं, कबरींवरचे लेख, स्पिनोझावरचा बहिष्कारसुद्धा, सगळं पोर्तुगीजमध्ये. डच राजघराण्यासाठीची प्रार्थना आजही एस्नोगामध्ये पोर्तुगीजमध्ये म्हणतात. ज्या देशाने हाकललं त्याची भाषा शत्रूची म्हणून टाकून दिली नाही. कारण ती त्यांचीही होतीच, आईच्या तोंडची. आपल्याकडे भाषेवरून जी ओढाताण चालते ती मी रोज ऐकते. घरी कोंकणी, वर्गात मराठी, आजीच्या बोलण्यात निम्मे पोर्तुगीज शब्द. ही प्रार्थना कळल्यापासून मला त्या ओढाताणीत कुणाची बाजू घ्यायची घाई वाटत नाही.

मग १९४० आलं. जर्मनांनी हॉलंड घेतलं. १९४१ च्या फेब्रुवारीत एस्नोगाच्या शेजारच्या चौकात चारशेहून अधिक ज्यू तरुणांना पकडून नेलं. छळछावण्यांमधून दोघेच परतले. त्याचा निषेध म्हणून ॲमस्टरडॅमच्या कामगारांनी दोन दिवस संप केला. ट्राम बंद, गोदी बंद. आज त्या चौकात गोदी-कामगाराचा पुतळा आहे. सिनेगॉगचं काय करायचं, याचा विचार जर्मनांनी केला. ज्यूंना पाठवण्याआधी गोळा करून ठेवायला जागा हवी होती आणि एस्नोगा ऐसपैस होती. पण रात्री विमानांना उजेड दिसू नये म्हणून खिडक्या झाकायच्या तर इतक्या मोठ्या खिडक्या झाकणार कशा? बेत रद्द झाला. एका नाट्यगृहाची जागा निवडली गेली. इमारत वाचली ती त्या ७२ खिडक्यांमुळे, असं म्हणायला हरकत नाही. माणसं नाही वाचली. हॉलंडमधल्या सुमारे १,४०,००० ज्यूंपैकी लाखाहून अधिक मारले गेले. पोर्तुगीज ज्यू चार हजारांच्या आसपास होते, हजारही उरले नाहीत.

यातला एक तपशील माझ्या डोक्यातून जात नाही. पोर्तुगीज ज्यूंना वाचवायला काहींनी युक्तिवाद मांडला की हे वंशाने ज्यू नाहीतच, इबेरियातले आहेत. एका डॉक्टरने डोकी मोजून तसा अहवालही तयार केला, मुद्दाम, त्यांचा जीव वाचावा म्हणून. तीन शतकांपूर्वी लिस्बनमध्ये ‘तुमच्या रक्तात ज्यू आहे’ म्हणून शिक्षा होती. आता ‘आमच्या रक्तात ज्यू नाही’ हे सिद्ध करण्याची पाळी. थोडे महिने मिळाले, एवढंच. १९४४ च्या फेब्रुवारीत त्यांनाही उचललं. मे १९४५ मध्ये सुटका झाल्यावर चार दिवसांत एस्नोगामध्ये प्रार्थना झाली. बाराशे जागांपैकी किती भरल्या असतील याचा विचार करवत नाही.

आता आपल्या बैठकीकडे येते. “नाजूक विषय आहे” असं म्हणणारे आपल्याकडे दोन तऱ्हेचे आहेत. एकांना वाटतं, इन्क्विझिशनचं नाव काढलं की कॅथलिक मित्रांना टोचेल. दुसऱ्यांना नेमकं टोचायचंच असतं. व्हॉट्सॲपवर काय फिरतं ते तुम्हीही बघता. त्यात ना ओर्ता असतो ना कातारिना. माझा राग दुसऱ्यांवर जास्त आहे, पण पहिल्यांच्या गप्प राहण्यामुळेच दुसऱ्यांचं फावतं. आमच्या घराण्याचा देव तेव्हा साष्टीतून नदी ओलांडून फोंड्याला नेला, ही गोष्ट आजीने मला लहानपणी सांगितली. तिच्या आवाजात कधी सूडाचा सूर नव्हता आणि तिने कधी काही लपवलंही नाही. देवळाच्या जत्रेला आमच्याकडे फेर्नांडिस कुटुंब जेवायला असायचं.

शिवाय, खुद्द चर्च याबाबत गप्प नाही. ज्यूंबद्दलची जुनी शिकवण १९६५ मध्ये व्हॅटिकनने अधिकृतपणे बदलली. १२ मार्च २००० रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी रोममध्ये भर मिस्सेत ज्यूंवर झालेल्या अन्यायासाठी आणि श्रद्धेच्या नावाखाली वापरलेल्या जबरदस्तीसाठी देवाची क्षमा मागितली. त्याआधी १९८९ मध्ये पोर्तुगालचे अध्यक्ष मारिओ सोआरिश यांनी ज्यूंची माफी मागितली. कुठे, तर कास्तेलो द व्हिदेमध्ये, आपल्या ओर्ताच्या जन्मगावी. पोप आणि पोर्तुगालचा राष्ट्राध्यक्ष उघड बोलले, आणि आपण कॉलेजच्या भित्तिपत्रकात बांधकामापुरतं लिहायचं?

१६७५ च्या ऑगस्टमध्ये एस्नोगामध्ये आठ दिवस गाणी आणि प्रवचनं चालली होती, तेव्हा जुन्या गोव्यात इन्क्विझिशनच्या कोठडीत शार्ल देलों नावाचा एक तरुण फ्रेंच वैद्य बसला होता. ख्रिस्तीच, कॅथलिकच. दमणला पकडून आणलेला. पुढच्या जानेवारीत त्याला शिक्षा सुनावली गेली. सुटल्यावर त्याने जे पाहिलं ते लिहिलं, आणि ते पुस्तक १६८७ मध्ये हॉलंडमध्ये छापलं गेलं. गोव्याच्या त्या कोठड्यांबद्दल जगाला कळलं त्यात या पुस्तकाचा वाटा मोठा.

तर माझी सूचना अशी. भित्तिपत्रकात एस्नोगाला अर्धं पान द्या. वर मामेभावाने पाठवलेला खिडक्यांचा फोटो, खाली पणजीच्या गार्सिया द ओर्ता उद्यानाचा, आपल्यापैकीच कुणीतरी काढलेला. मधल्या जागेत बांधकामाची माहिती आणि कातारिनाचं नाव. माळ्यावरच्या त्या कॅथलिक चर्चचं छोटं चित्र कोपऱ्यात हवं, त्यावर मी अडून बसणार आहे. मजकूर मी लिहिला आहे, प्रियोळकरांचं पुस्तक मिळालं तर दोन तपशील ताडून बघायचे आहेत. ज्यांना हे पटत नाही त्यांनी पुढच्या बैठकीत समोर बोलावं. आणि ताजमहाल ठेवायचा असेल तर ठेवा, माझी हरकत नाही.